फौजीमामांचा शेवटचा हप्ता

कर्ज फेडायचं म्हटलं की तोंड चुकवणारी माणसं पोत्यानं मिळतात. मी जन्मभर वीज मंडळात थकबाकी वसूल करत बसलो होतो, तेव्हा या विषयात मला कोणी शिकवू नये. पण आपलं कर्ज एक दिवस फिटून जाईल, या भीतीनं ज्याच्या तोंडचं पाणी पळालेलं असे असा माणूस या भूतलावर एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. नात्यानं ते माझे मामेसासरे. माझी बायको त्यांना मामाजी म्हणे आणि रायपुरात तात्यापाऱ्यापासून शंकर नगरापर्यंत पसरलेलं आमचं बाकीचं सगळं गोत त्यांना फौजीमामा म्हणे. सरकारचं देणं डोक्यावर असताना माणूस इतका ताठ चालू शकतो, हे मी त्यांच्याकडे पाहूनच शिकलो.

हे देणं त्यांच्या डोक्यावर आलं कसं, ते आधी सांगितलं पाहिजे. मामा एकाहत्तरच्या लढाईतून परत आले, तेव्हा शहराबाहेर एका मालगुजाराची, म्हणजे जुन्या जमीनदाराची, आंब्या-पेरूची बाग सरकारनं सीलिंगच्या कायद्यात काढून घेतलेली होती. तिचे तुकडे करून सरकारनं ते लढाईतून आलेल्या जवानांना हप्त्यानं विकले. व्याज नाममात्र. पहिली काही वर्षं हप्ता माफ. फळं बुडाली तर त्या साली अर्ज द्या, हप्ता पुढे ढकलू. बाकी मात्र कडक नियम. बाग स्वतः कसायची, फळझाड परवानगीशिवाय तोडायचं नाही, आणि शेवटचा हप्ता भरेपर्यंत बाग कोणाला विकायची नाही. या शर्ती मामांना रामरक्षेसारख्या पाठ होत्या. रामरक्षा ते संध्याकाळी एकदाच म्हणत, शर्ती मात्र दिवसभर चालू. मामीनं एकदा दाराशी मांडव घालण्यापुरती आंब्याची फांदी मागितली, तर म्हणाले, "शर्त नंबर चार. कलेक्टरसाहेबाची परवानगी लागन." मामी बिचारी कलेक्टरकडे काय जाते! तिनं शेजारच्या आवारातून फांदी आणली आणि मामा ती बांधायला सगळ्यांत पुढे.

त्या चौथ्या शर्तीपायी एक लिंबाचं झाड जागच्या जागी वाळून काटकी झालं होतं. ते तोडायची परवानगी मामांनी भोपाळला मागितली होती. उत्तर येईयेईतो आमचं वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं. फाइल राहिली भोपाळला आणि झाड आलं छत्तीसगडात. आता परवानगी कोणी कोणाला द्यायची, हे दोन्ही सरकारांना ठरवता येईना. मी म्हटलं, "मामाजी, मेलेलं झाड आहे, काढून टाका न!" तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सीमेवरची चौकी सोडून पळालोय. पुढे त्या लिंबावर मामीच्या गोधड्या वाळत. मामी गेल्यावर सून वाळवू लागली.

जिवंत झाडांची गोष्ट आणखी निराळी. बाग म्हणजे मामांची पलटण. सकाळी उठून काठी काखेत धरून ते रांगेरांगेनं पाहणी करत. ज्या आंब्याला भरघोस फळ येई त्याला नायकाचा हुद्दा मिळे आणि बुंध्यावर चुन्याचा पट्टा ओढला जाई. एक पेरू दरसाल नुसती पानं दाखवी, त्याच्यासमोर उभं राहून मामा खड्या आवाजात त्याची कानउघाडणी करत. एकदा उन्हाळ्यात मी सहकुटुंब आंबे खायला गेलो, तर सगळ्यांत मोठ्या झाडावर एक कैरी नाही. मी विचारलं, "काहून जी मामाजी, याले काय झालं?" मामा शांतपणे म्हणाले, "गेल्या साली डबल ड्यूटी केली त्यानं. यंदा छुट्टीवर हाय." आणि पुढच्या साली ते झाड खरंच लवून आलं. छुट्टीवर विश्वास असलेला वरिष्ठ मला नोकरीत एकही भेटला नाही.

हप्त्याचा दिवस हा मामांचा सण. त्या दिवशी जुनी बॅरे टोपी कपाटातून निघे, बुटांत तोंड दिसेल इतकी पॉलिश होई, आणि मामा सायकलनं आमच्या शंकर नगरच्या घरी येत. हप्ता भरायचं सरकारी दफ्तर आमच्या घरापासून जवळ, म्हणून सायकल आमच्याकडे लावायची आणि जावयाला बरोबर घेऊन चालत जायचं, असा रिवाज. दहाला येतो म्हटलं की दहाला. नऊला पोचले तर घरात येत नसत, समोरच्या नाल्यावरच्या पुलियावर बसून राहत. बायको खिडकीतून ओरडे, "मामाजी, आत या न, चहा झाला!" ते घड्याळ दाखवत आणि मान हलवत. दहाचा ठोका पडला की फाटक वाजायचं. दफ्तरात बाबूसमोर टाच आपटून सलाम ठोकायचे, तेव्हा तो बिचारा दचकून पान गिळून टाकी.

तर असे हप्ते भरत भरत मामा शेवटच्या हप्त्यापाशी आले, आणि तिथं गाडी जी अडली ती अडलीच. नवी राजधानी वसवायची म्हणून शहराबाहेर चौपदरी रस्ता निघाला. तो मामांच्या कुंपणाला खेटून गेला. ज्या जमिनीकडे काल कुत्रं ढुंकून पाहत नव्हतं, तिथं पांढऱ्या लांबलचक गाड्या थांबू लागल्या. इकडे मामांनी एक युक्ती काढली. शेवटच्या हप्त्याला वर्षाची मुदतवाढ मिळे, फक्त व्याज भरावं लागे. मामा दरसाल थाटामाटात जात, व्याज भरत आणि हप्ता तसाच ठेवत. कोणी बिल्डर आला की हात जोडत, "साहब, बाग तो अभी सरकार की है. आख़िरी किस्त बाकी है." एकजण म्हणाला, "बाऊजी, किस्त हम भर देते हैं!" मामा म्हणाले, "शर्त नंबर सात. किस्त फ़ौजी ख़ुद भरेगा." सातव्या शर्तीत असं काही होतं की नाही, देव जाणे. बिल्डर मात्र परत गेला.

नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली की म्हाताऱ्याला चळ लागला. बायकोही माझ्यामागे लागली, "तुम्ही तरी सांगा न त्याईले! एवढूसा हप्ता, भरून मोकळं व्हा म्हणा." मला तरी कुठे कळत होतं? शेवटी एका हप्त्याच्या दिवशी परत येताना मी विचारलंच. मामा रस्त्यातच थांबले. म्हणाले, "जवाईबापू, हप्ता संपला का बाग माझी. माझी झाली का विलासची. विलासची झाली का बिल्डरची. सरकारची हाय तवरकच माझी हाय, समजलं काय?"

विलास म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात होता. बापाजवळ बागेतच राहायचा, संध्याकाळी काळाकुट्ट होऊन यायचा आणि हौदावर हातपाय घासत बसायचा. अबोल माणूस. बापलेकात दिवसाकाठी चार वाक्यं झाली तर दिवाळी. मी म्हटलं, "अहो, मग विलासला सरळ सांगा न, विकू नको म्हणून! तुमची बाग आहे."

"कसं सांगू?" मामांचा आवाज एकदम उतरला. "तो रांगत होता तवा मी बॉर्डरवर. शाळेत गेला तवा मी बॉर्डरवर. मी त्याले काय देलं? जन्म गेला त्याचा धुरात. त्याच्या पोरांच्या फिया भरून राहिला. उद्या तो म्हणन, बाबा, सही करा, त मी नाही म्हणू शकत नाही. सही करून देईन. म्हणून त्याच्यावर मागायची पाळीच येऊ देत नाही." एवढं बोलून त्यांनी टोपी नीट केली आणि चालू लागले. मला त्या दिवशी या माणसाचा फार लळा लागला. लढाईत गोळीसमोर उभा राहिलेला माणूस पोराच्या एका प्रश्नाला भिऊन सरकारच्या आडोशाला बसला होता.

आणि मग सरकारनंच घात केला. घात म्हणजे काय, उपकार केला. नवं राज्य, नवा उत्साह. एक दिवस पेपरात आलं की अशा जमिनी घेतलेल्या जुन्या सैनिकांची सगळी बाकी माफ. नातेवाइकांचे फोनवर फोन. बायकोनं पेढे आणले. तेवढ्यात फाटक वाजलं. मामा आले होते, वेळ न सांगता, पुलियावर न थांबता, टोपी वाकडी. म्हणाले, "चला जवाईबापू. हप्ता भरायचा हाय."

दफ्तरात नवा पोऱ्या बाबू बसला होता, गोड स्वभावाचा. मामांनी नोटा पुढे केल्या. तो हसून म्हणाला, "कका, माफ होगे हे. अब कुछु नइ लागय."

"ऐसे कैसे माफ?" मामा कडाडले. "मैंने कोई गुनाह किया है? मैंने माफ़ी मांगी थी?"

बाबू गोंधळला. असा मनुष्य त्यानं पाहिला नसावा. त्यानं समजूत घातली, चहा मागवला, आणि बाग आता पूर्णपणे मामांच्या नावची झाल्याच्या कागदावर शिक्का मारून तो दोन्ही हातांनी मामांना दिला. लोक असा कागद घेऊन नाचत घरी जातात. मामांनी तो घडी करून खिशात घातला. त्या दिवशी सलाम झाला, पण टाच वाजली नाही.

पुढच्याच रविवारी बिल्डर आला. विलासनं घरचे जाणते म्हणून आम्हा दोघांना बोलावून घेतलं होतं. अंगणात खुर्च्या मांडल्या, सुनेनं चहा आणला. मामा मात्र उभेच, डोक्यावर टोपी. बिल्डरनं भाव सांगितला तेव्हा मी वीज मंडळातली जन्मभराची वसुली मनात मोजून पाहिली, ती कमी भरली. विलास खाली मान घालून नखातली काजळी कोरत होता. बिल्डर मामांकडे वळून म्हणाला, "बाऊजी, अब तो कोई अड़चन नहीं?"

मामांनी छाती पुढे काढली. "शर्त नंबर..." म्हणाले आणि थांबले. कोणती शर्त सांगणार? सगळ्या शर्ती सरकारनं माफ करून टाकल्या होत्या. मला तर वाटलं, आता हे खिशातला पेन काढतात. पण मामांनी डोक्यावरची टोपी काढली. बिल्डरकडे पाहिलंच नाही. मुलाकडे वळले आणि इतक्या हळू बोलले की मला ऐकायला पुढे वाकावं लागलं.

"विलास, मले इथंच राहू दे न रे बावा. मी हाय तवरक."

विलासनं मान वर केली. डोळे भरलेले आणि चेहरा असा, की आता भांडतो की काय! भांडलाच. "काहून जी बाबा? तुमाले कोणी म्हटलं मी विकून राहिलो म्हणून? मी त तुमच्या हप्त्याच्याच मागं लपून बसलो होतो! हिचे भाऊ म्हणे विका, पोरं म्हणे विका, कारखान्यात साहेब म्हणे विक. सर्व्याइले एकच सांगे, बाबांचा हप्ता बाकी हाय, माझ्या हातात काही नाही. तुम्ही कुठं भरून टाकता का काय, म्हणून दरसाल मले धाक!" आणि बिल्डरकडे वळून म्हणाला, "भैया, नहीं बेचना है. चाय पीजिए."

मामा खुर्चीत बसले. फौजेतून आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच पाठ टेकून बसले. माझी बायको पदरानं डोळे पुसत होती, आणि मी, खोटं कशाला बोलू, तेच करत होतो, फक्त माझ्याजवळ पदर नव्हता. बिल्डर तसा भला माणूस. त्यानं चहा संपवला. मामांनी त्याला पिशवीभर पेरू दिले आणि फाटकापर्यंत पोचवून कडक सलाम ठोकला. टाच अशी वाजली की पेरूवरचे पोपट उडाले.

त्यानंतर मामा काही वर्षं मजेत जगले. बापलेकात चाराची दहा-बारा वाक्यं झाली, त्यांतली बरीचशी खतावर. मग एका वर्षी मोहराच्या दिवसांत मामा गेले. त्या साली मोठा आंबा खरं तर छुट्टीवर असायचा, पण तो मोहरला होता. विलासनं त्याच्या बुंध्यावर चुन्याचा ताजा पट्टा ओढला.

आता बागेच्या तिन्ही बाजूंनी उंच इमारती झाल्यात. विलासही रिटायर झाला. त्याची मुलं पुण्याला असतात, मराठी समजतं पण बोलतात हिंदीत. गेल्या महिन्यात एका सकाळी बायको खिडकीशी उभी होती. एकदम म्हणाली, "अहो, मामाजी..." मी उठून पाहिलं. समोरच्या पुलियावर विलास बसला होता. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, डोळे घड्याळावर. दहाला फाटक वाजलं.

"आज इकडे कसा?" मी विचारलं.

"बँकेत जाऊन राहिलो, भाऊजी. हप्ता हाय. पंपासाठी कर्ज काढलं, बाग गहाण ठेवून."

"अरे, तुझा पंप तर चांगला आहे!"

"चांगला हाय न." विलास पायातल्या बुटांकडे पाहत जरासा हसला. "पोरं फोन करतात न जी. पापा, बेच दो. पापा, अब तो बेच दो. आपल्याच्यानं नाही म्हणवत नाही त्याइले." तो उठला, शर्ट खाली ओढून सरळ केला आणि मी बरोबर येतोय ना, याची वाट पाहत दारात थांबला. "म्हणून सांगतो, बेटा, किस्त बाकी है."