धारवाडातला वन्स मोअर

कामासाठी धारवाडला गेलो होतो. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लाडकं संगीत नाटक तिथं कानडीत लागलं होतं, म्हणून जाऊन बसलो. नाटक मला पाठ होतं. भांडण कुठं, निरोप कुठं, सगळं कळत होतं. पण मला कानडी येत नाही, त्यामुळं नाटकातली माणसं मात्र माझी राहिली नव्हती.

शेवटच्या अंकात नायिकेचं निरोपाचं पद संपलं आणि पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ हात वर करून म्हणाले, “वन्स मोअर.” अख्ख्या नाटकात तेवढेच शब्द मला कळले. अप्पाही याच पदाला हटकून वन्स मोअर द्यायचे. “तेवढीच ती आणखी थोडी थांबते,” म्हणायचे.

पुढं अर्धांगानं त्यांची वाचा गेली. मी कॅसेटवर हे पद लावायचो. संपलं की ते एक बोट वर करायचे, मी पुन्हा लावायचो. एका संध्याकाळी कंटाळून टेप बंद केला आणि म्हणालो, “आता उद्या, अप्पा.” त्यांनी बोट हळूच खाली घेतलं. त्यानंतर ते कधी वर केलं नाही.

रंगमंचावरची बाई दमलेली दिसत होती. तरी तिनं ऑर्गनवाल्याकडे पाहून मान हलवली आणि त्या अनोळखी म्हाताऱ्यासाठी पद पहिल्यापासून म्हटलं.