विहिणीवर रचलेलं गाणं

मी अकरा वर्षं शास्त्रीय गाणं शिकले. नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरापासून गुरुजींचं घर दहा मिनिटांवर होतं. सकाळी शाळेत शिकवायला जायच्या आधी तासभर आणि रविवारी दुपारभर मी त्यांच्यासमोर बसत असे. रेडिओच्या स्वरपरीक्षेला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा नापास झाले. कधी एखाद्या उत्सवात, कधी कुणाच्या दिवाणखान्यात गायले, तर ऐकायला तीस-चाळीस माणसं असत आणि त्यांतली निम्मी नात्यातली. हे आधी सांगते, कारण पुढे माझा जो आवाज गावोगाव पोचला, त्याचा या अकरा वर्षांशी काहीही संबंध नव्हता.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न उमरेडच्या मुलाशी ठरलं. तो तिथल्या कोळशाच्या खाणीच्या कार्यालयात कारकून होता. लग्न नागपुरातच झालं. दुपारी जेवणं आटोपल्यावर बायका मांडवात बसल्या आणि रिवाजाप्रमाणे विहिणीची थट्टा करणारी गाणी सुरू झाली. जुनी गाणी संपली तेव्हा माझी आत्या ढोलकीवर थाप मारत म्हणाली, आता तू नवीन काही म्हण, एवढी शिकलेली आहेस.

बहिणीची सासू समोरच बसली होती. ती येताना स्वतःची उशी घेऊन आली होती आणि सकाळपासून तीनदा म्हणाली होती, चहा गोड नाही. मला तेवढं पुरलं. मी तिथल्या तिथे जुळवलं :

उमरेडच्या विहीणबाई उशी घेऊन आल्या,
आमच्या घरच्या गाद्या का दगडाच्या झाल्या?
चहा पिता विचारती, साखर कुठे गेली,
तीन चमचे घातली ती कपातच मेली!

अशी सहा कडवी झाली. मांडव हसून लोटपोट झाला. विहीणबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. त्या गर्दीत नवऱ्या मुलाचा एक मित्र नवा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसला होता. त्याने ते सगळं टिपून घेतलं. मी ते पाहिलं होतं आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं.

तीन-चार महिन्यांनी मी बर्डीच्या बाजारात भाजी घेत होते. पलीकडच्या चहाच्या टपरीवरून माझा आवाज आला. आधी वाटलं, भास झाला. मग आत्याची ढोलकी ओळखू आली, बायकांचं हसणं आलं, मधेच एक लहान मूल रडलं तेही आलं. टपरीवरची माणसं बशीत चहा ओतून ऐकत होती. एकाने टपरीवाल्याला सांगितलं, पुन्हा लाव गा. मी भाजीची पिशवी धरून तिथे उभी राहिले. अंगावर काटा आला होता आणि तो आनंदाचा होता, हे मी नाकारत नाही.

त्यानंतर ते गाणं जिकडेतिकडे भेटू लागलं. एकाने दुसऱ्याला कॅसेट दिली की दुसरा आणखी दोन उतरवून घेई. लग्नाच्या लाउडस्पीकरवर सिनेमाच्या दोन गाण्यांच्या मधे ते वाजे. खापरखेड्याच्या वसाहतीत राहणारी माझी मावसबहीण सांगत आली की तिच्याकडे प्रत्येक बारशाला ते लागतं. गाणारी कोण, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे ती खापा गावची आहे, कुणी म्हणे ती तमाशात होती, एकाने तर मलाच खात्रीने सांगितलं की ती बिचारी गेल्या वर्षी वारली. माझ्या शाळेत मधल्या सुट्टीत मुली दोरीवर उड्या मारताना तेच म्हणू लागल्या. मुख्याध्यापिकेने मला बोलावून सांगितलं की असली गाणी शाळेत चालणार नाहीत, मुलींना समज द्या. मी वर्गात उभी राहून माझ्याच गाण्याबद्दल मुलींना रागावले.

दिवाळीला बहीण माहेरी आली, ती वाळून गेलेली. आईसमोर काही बोलली नाही. आई देवळात गेल्यावर मला म्हणाली, "ताई, त्या गाण्यानं माझं घर मोडून राहिलं."

मग तिने सगळं सांगितलं. उमरेड केवढंसं गाव. उशी घेऊन कोण लग्नाला गेलं होतं, हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं. पोरं सासूला पाहून ते कडवं म्हणत. बाजारात दुकानदार विचारत, काकू, साखर किती देऊ? सासूने आधी हळदीकुंकवाला जाणं सोडलं, मग बाजार सोडला आणि शेवटी सुनेशी बोलणं सोडलं. स्वयंपाकघरात दोघी असत आणि दिवसभर भांड्यांचाच आवाज होई. नवरा आईला काही म्हणू शकत नव्हता, बायकोलाही नाही.

मी दुसऱ्याच दिवशी त्या टेपरेकॉर्डरवाल्या मित्राला गाठलं. तो नागपुरातच एका दुकानात होता. मी म्हटलं, ती कॅसेट परत घे. तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "ताई, मी चारच जणांले देल्ली. त्यांनी कोणाकोणाले देल्ली, ते मले कसं माहीत राहीन?" मी त्याच्याशी भांडायला गेले होते, पण भांडायला हाती काही लागेना.

मग कॅसेट उतरवून देणाऱ्या एका दुकानात गेले. तिथे त्या गाण्याची वीस-पंचवीस कॅसेटची चळत होती. मी मालकाला सांगितलं की गाणारी मी आहे आणि हे विकणं बंद करा. त्याचा विश्वास बसेना. मी काउंटरपाशी उभी राहून हळू आवाजात एक कडवं म्हणून दाखवलं. तो खूष झाला. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, असंच आणखी एक करा, नणंदेवर करा, तुमचं नाव आणि फोटो छापतो. मी म्हटलं, मी शास्त्रीय गाते. तो म्हणाला, तेही ठीक आहे, पण ते कोण घेणार? क्षणभर, माझं नाव छापलेली कॅसेट कशी दिसेल, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. त्या क्षणाची मला आजही चीड येते. बहीण घरी रडत होती आणि मी फोटोत कोणती साडी नेसावी याचा विचार करत होते. चहा तसाच ठेवून मी उठले. त्याने विक्री बंद केली नाहीच.

शेवटी एका रविवारी एसटीने उमरेडला गेले. विहीणबाई ओसरीवर बसल्या होत्या. बहिणीने पाणी आणून दिलं आणि ती आत निघून गेली. मी पाया पडले, म्हटलं, मावशी, माझं चुकलं.

त्या म्हणाल्या, "तू गायली तवा मले राग नाही आला. मी बी हासली. लग्नात हासतेच मानूस. पण लग्न एक दिवसाचं असते वं. हे तर रोजचंच झालं."

मी मान खाली घालून बसले. त्यांनी विचारलं, "माझ्यासंगं उशी काहून असते, तुले माहीत हाये?"

मी नाही म्हटलं.

"वीस वर्सं मागावर बसली. घरचे सारे लुगडे विणत होतो आमी. मान अशी धरते का डोळ्यातून पाणी येते. दुसऱ्याच्या उशीवर झोप नाही लागत." पुढे म्हणाल्या, "एक डाव विचारलं असतं."

त्यांनी मला जेवायला वाढलं, बेसन-भात आणि वांग्याची भाजी. पण माझ्यासमोर त्या बसल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये मला वाटलं, गाण्यानं झालेलं गाण्यानंच निस्तरावं. महिनाभर खपून मी दुसरं गाणं केलं. त्यात माग होता, लुगड्याचे काठ होते, सूत भरताना वाकलेली मान होती. चाल गुरुजींना ऐकवली, त्यांनी दोन जागा सुधारून दिल्या. ते नीट टेप केलं आणि त्या मित्राला, त्या दुकानदाराला, खापरखेड्याच्या मावसबहिणीला, सगळ्यांना कॅसेट दिल्या. सगळे म्हणाले, छान आहे. कुणी एकदाही उतरवून घेतलं नाही. मावसबहिणीने पुढे त्याच कॅसेटवर सिनेमाची गाणी भरून घेतली आणि मला ते सहज सांगितलंही.

त्या वर्षी गुरुजींच्या साठीनिमित्त एका शाळेच्या सभागृहात गाणं झालं. त्यांनी मला पहिल्यांदाच पूर्ण एक तास दिला होता. कधी नव्हे ते सभागृह भरलं होतं. मी भीमपलास गायले, मनासारखा गायले. संपल्यावर टाळ्या झाल्या आणि पाठोपाठ चिठ्ठ्या आल्या. पहिली उघडली : विहिणीचं गाणं म्हणा. दुसरीतही तेच होतं. कुणीतरी गाणारी मीच असल्याचं फोडलं होतं, म्हणूनच एवढी माणसं आली होती. मी चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या आणि भजन सुरू केलं. मागच्या रांगा उठू लागल्या. खुर्च्या सरकवल्याचा आवाज भजनभर चालू होता. गुरुजी पुढे बसून डोळे मिटून ऐकत होते, किंवा तसं दाखवत होते. नंतर ते एवढंच म्हणाले, "तू ते म्हटलं नाहीस, बरं केलंस." मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढे बहिणीच्या नवऱ्याला खाणीकडे क्वार्टर मिळालं आणि दोघं वेगळी राहू लागली. वर्षभराने तिला मुलगी झाली, तेव्हा सासू बाळंतपणाला स्वतःहून गेली आणि दोघींचं बोलणं सुरू झालं. आमच्या घरी मात्र विहीणबाई पुन्हा कधी आल्या नाहीत. गाणं आणखी दोन लग्नसराया चाललं, मग दुसरी कसली तरी कॅसेट आली आणि ते मागे पडलं. मी त्यानंतर लग्नात गायले नाही. घरी चार मुलींना गाणं शिकवू लागले. त्यांतल्या एकीच्या आईने पहिल्याच दिवशी हसत विचारलं, तुम्हीच ना त्या? मी नाही म्हणून सांगितलं आणि मुलीला सा लावायला लावला.