होकायंत्र क्लबातलं काळं बटण

दातवाले रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला एक बडे जहाजमालक होत आणि दुपारी दीडला पुन्हा दातवाले होत. मधले साडेतीन तास त्यांच्या आठवड्यातले सगळ्यात निवांत तास. एरवी हा गृहस्थ जीव मुठीत धरूनच जगत असे.

धंदा कवळ्या करण्याचा. दवाखान्याच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसायचं, मेणात एकेक दात रोवायचा, घासायचा, चकाकी आणायची. हातात कसब असं की त्यांच्या कवळीवर म्हातारी माणसं खारे दाणे फोडत. पण पुढच्या खोलीतून डॉक्टरीणबाईंची "अहो, जरा इकडे या" अशी हाक आली की या कसबी माणसाची पाचावर धारण बसे. बाई वाईट मुळीच नव्हत्या. बोलणं तेवढं तुटक. त्या "का?" असं इतकं सरळ विचारत की समोरच्याला आपला गुन्हा आठवायला लागे, केलेला नसला तरी. दातवाल्यांच्या आधीच्या कारागिराला त्यांनी एका दुपारी कायमचं घरी पाठवलं होतं. ती गोष्ट दातवाल्यांनी अकरा वर्षं उराशी बाळगली होती. बायको म्हणायची, "तुम्ही झोपेतसुद्धा 'हो डॉक्टर, हो डॉक्टर' करता. मला आधी संशय आला. मग तुमचा आवाज नीट ऐकला आणि जीव भांड्यात पडला."

हे जहाजमालक होणं म्हणजे एक खेळ, आणि तो चाले पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या दुकानावरच्या माळ्यावर. एक लांब टेबल, त्यावर नकाशा, आणि नकाशात दीडशे वर्षांपूर्वीचं एक बंदर. भूगोलाचे निवृत्त मास्तर सूत्रधार. बंदरात आज काय घडलं ते मास्तर सांगणार. मग प्रत्येकाने आपापलं पात्र होऊन बोलायचं, कट करायचे, फासे टाकायचे. प्रत्येक पात्राची वट मास्तरांच्या वहीत आकड्यांत मांडलेली. ती वाढवायची तर क्लबात शिरायला हवं. हमालांना क्लब नाही. कारकून आणि तांडेल यांना दोरखंड मंडळ. आणि सगळ्यांच्या डोक्यावर होकायंत्र क्लब. त्याच्या सभासदांना खिडकीजवळच्या हातांच्या खुर्च्या, बाकीच्यांना बाक. बाकावरच्याने खुर्चीतल्याशी बोलायचं ते उभं राहून, "साहेब" किंवा "बाईसाहेब" म्हणून. मास्तर यात फार कडक. त्या काळी माणसं अशीच जगली, ते वगळलं तर हा खेळ नुसत्या गप्पा होईल, असं त्यांचं म्हणणं.

दातवाले हमालापासून सुरू झाले आणि सहा वर्षांत त्या क्लबाचे चिटणीस झाले. खुर्चीत बसले की त्यांचा आवाज खाली यायचा, खर्जात. कोणी उभं राहून "साहेब" म्हणालं की ते मान किंचित कलती करून म्हणत, "बोला." त्या एका "बोला"वर ते पुढचा आठवडा काढत.

आणि एका रविवारी जिन्यावरून डॉक्टरीणबाई वर आल्या. मास्तरांची दाढ भरताना त्यांनी या खेळाबद्दल ऐकलं होतं म्हणे.

"अहो, तुम्ही इथे?" त्या म्हणाल्या. दातवाले खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे पडली.

"बसा साहेब," मास्तर करड्या आवाजात म्हणाले. "जकातीतल्या नव्या कारकुनासाठी जहाजमालक उठत नाहीत."

बाईंना कारकुनाचं पात्र मिळालं होतं. त्या बाकावर बसल्या आणि पहिल्याच डावात दातवाल्यांच्या जहाजावरच्या मालाची चौकशी करायला उभ्या राहिल्या. "साहेब," त्या म्हणाल्या, नियमाप्रमाणे, चेहरा अगदी कोरा. दातवाल्यांची बोबडी वळली. त्यांच्या तोंडून "हो डॉक्टर" निघालं आणि टेबल हसलं. बाई हसल्या नाहीत. हे उभं राहणं त्या सोमवारी वसूल करणार, अशी दातवाल्यांची खात्रीच झाली.

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारीही नाही. काही होत नाही याचीच त्यांना जास्त भीती वाटू लागली. असे चार महिने गेले. बाई खेळात तरबेज निघाल्या, दोरखंड मंडळात गेल्या, त्यांची वट भराभर वाढली. मग एका गुरुवारी त्या मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"होकायंत्रासाठी माझं नाव तुम्ही सुचवा."

"हो डॉक्टर," दातवाले म्हणाले.

आता होकायंत्रात शिरायची रीत अशी. नाव सभासदाने सुचवायचं. मग एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येक सभासद मुठीत एक बटण लपवून पिशवीत टाकतो, पांढरं म्हणजे हो, काळं म्हणजे नाही. एक काळं निघालं तरी उमेदवार पडला. वर्षभर पुन्हा अर्ज नाही. कोणी काय टाकलं ते विचारायचं नाही. सभासद चारच: दातवाले, बाइंडर, चष्मेवाला आणि टपालमावशी. टपालमावशींनी तीस वर्षं टपाल वाटलं होतं आणि त्यांच्या पोटात काही राहत नसे.

"त्या बाई आत आल्या तर मी बाहेर," रविवारी बाई यायच्या आधीच मावशींनी जाहीर केलं. "साधं 'कशा आहात' म्हणत नाहीत कधी!"

"मावशी, माझी नोकरी आहे हो," दातवाले कळवळून म्हणाले. "या वयात मला कोण ठेवणार? मी शब्द टाकतोय."

बाइंडर आणि चष्मेवाल्याने माना हलवल्या, मावशींनी तोंड फिरवलं. पण दातवाल्यांना तेवढ्याने धीर येईना. बाई पडल्या तर नोकरीवर गदा, हे तर होतंच. पण दुसरी भीती त्याहून मोठी होती आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. बाई आत आल्या तर शेजारच्याच खुर्चीत बसणार. मग ही खुर्चीही दवाखान्यातल्या स्टुलासारखी होऊन जाईल. जगात एवढी एकच जागा होती जिथे त्यांना भीती वाटत नसे. तीही जाणार.

पिशवी फिरायला लागली. बाई बाकावर ताठ बसल्या होत्या. दातवाल्यांच्या एका मुठीत पांढरं बटण होतं, दुसरीत काळं. मावशींचं काळं नक्की, त्यांनी हिशेब केला. बाई पडणारच. पण मावशी ऐन वेळी विरघळल्या तर? दोन काळी निघाली तरी कोणाचं कुठलं कोणाला कळणार? नाव मीच सुचवलंय, माझ्यावर तर संशय यायचाच नाही. पिशवी समोर आली. हात आपोआप गेल्यासारखा गेला, आणि काळं बटण पडलं.

मास्तरांनी पिशवी टेबलावर उलटी केली. तीन पांढरी. एक काळं.

सगळ्यांच्या नजरा मावशींकडे वळल्या. बाईंचीही.

"माझ्याकडे काय बघता?" मावशी ओरडल्या. "पांढरं टाकलंय मी! या बाबाची नोकरी जाऊ नये म्हणून गिळला मी माझा राग."

"असू दे मावशी," बाइंडर पुटपुटला. "गुप्त मत आहे."

"म्हणजे खोटी ठरले ना मी!" मावशींनी आपली हातपिशवी काखोटीला मारली. डोळे भरून आले होते. "सहा वर्षं येतेय. यापुढे नाही येणार."

बाई बाकावर तशाच ताठ बसल्या होत्या. मान मात्र लाल झाली होती. मावशी जिन्यापाशी पोचल्या. गप्प राहिलं की सगळं सुटत होतं. मावशी गेल्या असत्या, बाई पडल्या होत्याच, नोकरीही राहिली असती. दातवाल्यांना हे लख्ख दिसत होतं, आणि ते दिसतंय याचीच त्यांना किळस आली.

"काळं माझं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं. "मावशी, थांबा. काळं माझं आहे."

मावशी जिन्याच्या तोंडाशी थबकल्या.

"का?" बाईंनी विचारलं.

"तुमची भीती वाटते, डॉक्टर." दातवाले टेबलाकडे बघत म्हणाले. "तिथे अकरा वर्षं वाटतेय. इथे वाटत नव्हती. तुम्ही शेजारी बसलात तर इथेही वाटेल, म्हणून टाकलं."

मास्तरांनी घसा खाकरला आणि वही उघडली, कारण नियम म्हटला की त्यांना राहवत नसे. आपणच सुचवलेल्याला आपणच काळं दिलं तर सगळी वट जप्त. जहाजमालक पुन्हा हमाल. दातवाले खुर्चीतून उठले आणि बाकावर जाऊन बसले. बाकावर जागा होती ती बाईंच्या शेजारीच.

बाई समोरच्या नकाशाकडे वळल्या. मग हळू म्हणाल्या, "दिवसाला वीस माणसं माझ्यापुढे तोंड उघडून बसतात. बोलत कोणीच नाही. इथे सगळे बोलतात म्हणून मी येत होते."

मावशी परत येऊन आपल्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी जोरात नाक शिंकरलं.

सोमवारी ते अर्धा तास लवकर गेले. आपली कोरणी, मेणाचा चमचा, घासण्या, सगळं एका रुमालात बांधून ठेवलं. कारागिराची हत्यारं त्याचीच असतात. नेताना घोळ नको. नऊ वाजता बाई आत आल्या. त्यांनी रुमालाकडे पाहिलं आणि एका म्हातारबाबांच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा टेबलावर ठेवला.

"माप बरोबर आलंय का?"

दातवाल्यांनी साचा उजेडात धरला. डावीकडे हिरडीची कड दबली होती. या मापावर केलेली कवळी तोंडात राहिली नसती. अशी मापं ते आजवर गुपचूप अंदाजाने सावरून घेत आले होते, आणि अंदाज हुकला की बोलणी खात आले होते. "हो डॉक्टर" जिभेवर आलंच होतं.

"चुकलंय," ते म्हणाले. "डावीकडे. पुन्हा घ्यावं लागेल."

बाईंनी साचा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि अंगठ्याने ती कड चाचपली. दातवाल्यांनी टेबल धरून ठेवलं.

"दुपारी बोलावते त्यांना," बाई म्हणाल्या. "माप घेताना तुम्ही शेजारी उभे राहा."