काट्यांना हात लावू नका

सेकंदबाईंना कुणी वेळ विचारली की त्या आधी स्वतःच्या मनगटाकडे संशयाने बघत आणि मग म्हणत, "साडेदहा. पण माझ्यावर विसंबू नका." ज्यांच्या ताब्यात अख्ख्या रत्नागिरीतलं एकमेव अणुघड्याळ होतं, त्यांनी असं बोलावं याची आम्हांला गंमत वाटे. खरं नाव हजेरीपटावर होतं, बाकी सगळीकडे त्या सेकंदबाईच.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावाबाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी माळावर, आमचं छोटं संशोधन केंद्र होतं आणि मी तिथे तंत्रज्ञ. तसंच दुसरं घड्याळ अलोऱ्याच्या वसाहतीत होतं. आकाशातून येणारा एकच रेडिओ संकेत दोन्हीकडे टिपायचा आणि तो कुठे किती आधी पोचला ते मोजायचं, एवढंच आमचं काम. पण फरक सेकंदाच्या दशलक्षांश भागांतला, त्यामुळे दोन्ही घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत. त्यासाठी पेटीत बसणारं तिसरं अणुघड्याळ उसनं आणलं होतं. ते इथे लावायचं, चालू ठेवून जीपने अलोऱ्याला न्यायचं, तिथल्याशी ताडून बघायचं आणि परत आणायचं.

"परत आणायचं कशाला? तिथे जुळलं की झालं," मी एकदा म्हणालो.

"वाटेत ते स्वतः किती चुकलं, ते घरी आल्याशिवाय कसं कळणार?" बाई म्हणाल्या. "कुठलंच घड्याळ बरोबर नसतं हो. किती चुकतं एवढं कळलं की पुरे."

पेटी गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवत आणि बाई तिला धरून बसत. आमचे ड्रायव्हर भिकाजी संगमेश्वरच्या वळणांवर हमखास म्हणायचे, "बाईंचा तान्हा पोर हाय मागं, गाडी हळूच काढतो." बाईंना ते मनापासून आवडे.

मग शेवटची फेरी आली. दुसऱ्या दिवशी पेटी परत जायची होती. ही फेरी नीट पुरी झाली तरच वर्षभराची मापं धरली जाणार होती, आणि मापांवर केंद्राचं भवितव्य. अलोऱ्याला सगळं जुळलं. पेटी भिकाजींच्या हवाली करून आम्ही जेवायला गेलो. परत आलो तर भिकाजी खुशीत होते.

"जेवान होईस्तवर बंद करून ठेवला होता, बाई. बॅटरी फुकट कशाला जाळायची? मंगा माज्या घड्याळावर बरोब्बर लावलाय."

वाटेत पेटी किती चुकली, ते आता कधीच कळणार नव्हतं. बाई पेटीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमचं घड्याळ कशावर लावता, भिकाजी?"

"रेडिओच्या बातम्यांवर."

बाई जीपच्या पायरीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं, हे मला दिसत होतं.

अहवालात त्यांनी लिहिलं, 'पेटीवर सूचना लावली नव्हती, चूक माझी.' कुणाचा हात लागला असं वरून खोदून विचारलं, तरी नाव सांगितलं नाही. भिकाजी रोजंदारीवर होते. मापं बाद झाली, केंद्र बंद झालं आणि बाईंची बदली उत्तरेत कुठेतरी झाली.

एसटी स्टँडवर निरोप घेताना भिकाजींना मान वर करवेना. बाईंनी त्यांचा हात धरला, त्यांच्या घड्याळावर आपलं घड्याळ लावून घेतलं आणि म्हणाल्या, "हे मी नेते. परत आले की ताडून बघू. तोवर काट्यांना हात लावू नका."

बाईंची ती थट्टा होती असं मी धरून चाललो. भिकाजी मात्र रोज चावी देत आणि काटे कधी हलवत नसत. घड्याळ मागे पडत गेलं. दुपारी सकाळची वेळ सांगतात म्हणून लोक हसत. "बाई येऊ देत, मंगा बघू," एवढंच ते म्हणत.

बाई वारल्याची बातमी कितीतरी वर्षांनी मीच त्यांना सांगितली. पावस गावात एका बागेत ते आंब्याच्या पेट्या भरत होते. ऐकून त्यांनी हातातली पेटी खाली ठेवली. मलाच रडू आलं. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. आता तरी ते बरोबर लावून घेतील, म्हणून मी माझा घड्याळाचा हात पुढे केला.

त्यांनी चावी दिली, आणि घड्याळ पुन्हा मनगटावर बांधलं.