टॉवेल धुवायचा नाही

"आधी वास, मग भेट," असं म्हणून अण्णा गुडघ्यावर हात टेकत फरशीवर बसायचे, तेही सशाकडे पाठ करून. समोरून टक लावून बघायचं नाही, हा त्यांचा दंडक. सत्तरीचा माणूस माझ्या हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून बसलाय आणि मी मागे चहाचा कप धरून उभी आहे, हे दृश्य आमच्या बनशंकरीच्या गल्लीने इतक्यांदा पाहिलं, की शेवटी लोकांनी विचारायचंच सोडलं.

अण्णा म्हणजे माझे घरमालक. खाली ते एकटे, वर मी एकटी. त्यांचं घराणं कुठल्या राजाच्या फौजेबरोबर इकडे आलं ते त्यांनाही धड सांगता येत नसे, पण मराठी अजून शाबूत होती, कन्नडची फोडणी घातलेली. मी बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत कामाला. मला ते 'पुणेकर' म्हणत. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे मला कधीच कळलं नाही.

ससे माझ्याकडे आले ते माझ्याच अतिशहाणपणाने. ऑफिसातली मैत्रीण परदेशी निघाली आणि तिची पांढरी सशीण माझ्या गळ्यात पडली. बिचारीला एकटं वाटेल, म्हणून मी दुकानातून एक तांबूस नर आणला आणि सरळ तिच्या पिंजऱ्यात सोडला. कर्म माझं! दुसऱ्या मिनिटाला खोलीभर केस उडत होते. ससा गुरगुरतो आणि पुढच्या पायांनी थोबाडीत मारतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या किंकाळीने अण्णा वर आले ते दोन्ही हातांत लोकरीचे पायमोजे चढवूनच. दोघांना वेगळं केलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ऑपरेशन झालंय का?" मी म्हटलं, अपेंडिक्सचं झालंय. त्यांनी कपाळाला हात लावला, म्हणजे मोजा लावला.

त्या दिवशी चहा घेताना त्यांनी सगळं सांगितलं. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ गावाबाहेर शेड टाकून ससे पाळायचे. एकदा पिंजरे कमी पडले म्हणून धाकट्याने दोन मोठे नर एका पिंजऱ्यात ठेवले. सकाळी त्यातला एक मेलेला. अण्णांचं डोकं फिरलं आणि शेडवरच्या सगळ्या माणसांसमोर त्यांनी भावाच्या थोबाडीत दिली. भाऊ तसाच निघाला, महादेवपुऱ्याला जाऊन राहिला. याला बारा वर्षं झाली. दोघांत एक शब्द नाही.

"चूक त्याची होती," अण्णा म्हणाले. "हात माझा होता."

मग त्यांनी माझ्या सशांची सोयरीक जुळवणं मनावर घेतलं. आधी डॉक्टरकडे नेऊन दोघांचीही नसबंदीची ऑपरेशनं. नंतर कित्येक आठवडे वेगळे पिंजरे, आणि रोज संध्याकाळी सहाला वर येऊन एकाचा टॉवेल दुसऱ्याच्या पिंजऱ्यात. मी एकदा ते टॉवेल मशीनला लावले, तर माणूस दोन दिवस माझ्याशी बोलेना. वास म्हणजे पत्र असतं म्हणे, आणि मी टपाल बुडवलं होतं. नावंही त्यांनीच ठेवली. तांबूस तो केसरी, पांढरी ती उप्पीट. इथल्या हॉटेलांत गोड केसरीभात आणि उप्पीट एकाच बशीत शेजारी शेजारी देतात, त्याला चौचौभात म्हणतात. आपल्याला तेवढंच साधायचंय, अण्णा म्हणायचे, शेजारी बसले तरी पुष्कळ.

भेट ठरली माझ्या न्हाणीत, कारण ती जागा दोघांपैकी कुणाचीच नव्हती. दोघं आले, एकमेकांसमोर बसले आणि दोघांनीही मान खाली घातली. मला भरून आलं. किती नम्र! अण्णा हसले. "शरण नाही हो आलेत. मान खाली म्हणजे हुकूम आहे, आधी तू मला चाट." दोघंही हुकूम सोडून बसलेले आणि चाटायला कुणी तयार नाही. असे सात दिवस गेले. माझी आंघोळ ऑफिसच्या वेळेत बसेना. आठव्या दिवशी उप्पीटने काय विचार केला कोण जाणे, पुढे सरकली आणि केसरीचा कान चाटला. मी टाळी वाजवणार होते, तर अण्णा जिना उतरून गेले.

सकाळी ते वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्वतःचा टॉवेल घेऊन दारात उभे. महादेवपुऱ्याला भावाला द्यायचा, काही बोलायचं नाही. "बेळ्ळंदूरच्या स्वल्प पुढं," म्हणाले. रिंग रोडवर त्या स्वल्पाला सव्वा तास लागला.

दार उघडलं ते अण्णांच्याच नाकाने. धाकट्यांनी पुडी उघडली, टॉवेल नाकाला लावला आणि आत निघून गेले. झालं, मी म्हटलं, आता हे पोलिसांना बोलावणार. तर ते बाहेर आले ते एक चौकड्यांचा ओलसर टॉवेल घेऊन. "धुवू नका म्हणावं," एवढंच बोलले.

तीन आठवडे मी टॉवेल वाहिले. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेला अण्णांच्या तपकिरीचा आणि धाकट्यांच्या खोबरेल तेलाचा वास येऊ लागला. मीटिंगमध्ये लोक खुर्ची सरकवून बसत.

मग एका रविवारी अण्णांनी माझा हॉल मागितला. खाली त्यांचं घर, तिकडे भावाचं. माझा हॉल कुणाचाच नव्हता. धाकटे आले. दोघं बाकावर भिंतीकडे तोंड करून बसले, मध्ये चौचौभाताची एक बशी. दोघांच्याही माना खाली. आळीपाळीने घास घेत होते. मला तो हुकूम आता वाचता येत होता, म्हणून आणखीच धास्ती वाटली. हे सात दिवस बसले तर मी कुठे जाऊ?

धाकट्यांच्या गालाला उप्पिटाचा कण चिकटला होता. अण्णांचा हात उठला आणि गालापाशी जाऊन थांबला. गाल तोच होता.

"लावू का हात?" अण्णांनी विचारलं.

धाकट्यांनी मान आणखी खाली घातली. "लाव."

अण्णांनी कण काढला. मग उगाचच त्यांचा कानही पुसला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले.

आता अण्णा महादेवपुऱ्याला भावाकडे राहतात. पंख्यावरून रोज भांडण होतं म्हणे. मी काळजीने विचारलं, तर फोनवर म्हणाले, "भांडण कसलं, बोलणं आहे ते." खालचं घर बंद आहे.

जाताना त्यांनी स्वतःचा टॉवेल माझ्या हातात दिला होता. भावाचा टॉवेल आता कशाला, माणूसच शेजारी आहे, म्हणाले, आणि हा तुम्हाला, पुणेकर, एकटं वाटलं तर. तेव्हा मी हसले होते.

संध्याकाळी सहाला केसरी दाराशी जाऊन मागचा पाय आपटतो. जिन्यावर कुणी नसतं. मग मी कपाटातून टॉवेल काढते आणि फरशीवर बसते, भिंतीकडे तोंड करून. दोघं येऊन पाठीला टेकतात. तपकिरीचा वास अजून आहे. मी टॉवेल धुतलेला नाही.