फणस विकून बाईंचा पुतळा नको

आणि परशा, पानं पडून कचरा होतो हे कारण मला परत सांगू नकोस.

कचरा?
त्याच कचऱ्यावर तू स्वतःचं नाव लिहायला शिकलास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आज आमच्या निर्मला बाईंना जाऊन वर्ष झालं. बेळगावजवळ खानापूरकडं आमचं गाव. पाचवीपर्यंतची मराठी शाळा आणि दारात एक फणस.

गावानं बाईंचा संगमरवरी पुतळा बसवायचा ठरवलंय. पैसे कमी पडले म्हणून तोच फणस लाकूडवाल्याला विकला. आगाऊ पैसे, विसार पण घेतला. रविवारी तोडणार.

कमिटीचा अध्यक्ष कोण? शाळेत माझ्या शेजारी बसणारा परशा.

काल फोन केला तर म्हणतोय, "अरे, पुतळा एकदम भारीतला आहे. देणगीदारांची नावं दगडावर कोरणार. तुझं पण कोरतो की."

मी म्हटलं, "झाड विकून?"

"झाड म्हातारं झालंय रे."

"बाई पण म्हाताऱ्या झाल्या होत्या."

मग म्हणाला, "तू तिकडं बेंगलोरात बसून शहाणपणा शिकवू नको."

होय, बसलोय बेंगलोरात. बेळ्ळंदूरला वॉचमन होतो, मारतहळ्ळीत डिलिव्हरी केली, आता पीण्या एरियातल्या कारखान्यात मशीनवर आहे. एका जागी टिकत नाही म्हणून घरचे शिव्या घालतात. शाळेत पण टिकलो नाही. पाचवीत सोडली.

खरं, वाचता येतं मला. ते त्या फणसामुळं.

आमच्या शाळेत तक्ते नव्हते. पुस्तकं उशिरा यायची. बाई म्हणायच्या, "पुस्तक येईल तेव्हा येईल. तोवर हे उघडूया." आणि आम्हाला झाडाखाली न्यायच्या.

सकाळी येताना प्रत्येकानं खाली पडलेलं एक पान उचलायचं. झाडावरचं तोडलं की कान पिळायच्या. त्या पानावर बाभळीच्या काट्यानं अक्षर ओरखडायचं. फ फांदीचा. ख खोडाचा. च चिकाचा. मग शब्द. साल, देठ, गरा, आठळी. पानं दोऱ्यात ओवून फांदीला टांगायचो. वारा आला की अख्खा धडा हलायचा.

शब्द अडला की खोडावर बोटानं ठोकायचं.
फां. दी. टक, टक.
आ. ठ. ळी. टक, टक, टक.
"डोळ्यांनी नंतर वाचा, आधी कानांनी वाचा," बाई म्हणायच्या.

व्याकरण पण तिथंच. तो फणस, ती फांदी, ते पान. "बघा, एकाच घरात तिघं कसे गुण्यागोविंदानं राहतात. तुम्हाला जमतंय का?" झाड काय करतं? पिकतं, हलतं, गळतं. ही क्रियापदं. कसं आहे? खरखरीत. हे विशेषण. मला आजपण विशेषण म्हटलं की हाताला साल लागते.

मी खाली बसायचोच नाही. सारखी चुळबुळ. दुसऱ्या कोणी बडवला असता. बाई म्हणाल्या, "माकडा, वर बस. पण मोठ्यानं वाच." त्या खालच्या आडव्या फांदीवर बसून मी वाचायला शिकलो.

इथं आलो तेव्हा बसचा कन्नड बोर्ड वाचता यायचा नाही. गावात मराठी शाळा, कन्नड नुसतं बोलण्यापुरतं. मग अक्षरं शिकत गेलो. एकदा बसमध्ये उभा राहून दुकानांच्या पाट्या वाचत होतो आणि सवयीनं पत्र्यावर टक टक करत होतो. ड्रायव्हरनं बस थांबवली! कंडक्टर माझ्यावर ओरडला, "उतरायचंय तर उतर की!" मी म्हटलं, "इल्ला अण्णा, उतरायचं नाही, वाचतोय." अख्खी बस हसली.

हसू देत. कन्नड वाचायला आलं मला.

आणि परशा, तू.
तू बोलताना अडकायचास. पोरं चिडवायची. बाईंनी तुला रोज मधल्या सुट्टीत खोडाजवळ उभं केलं. एक तुकडा, एक टक. पावसात पण, डोक्यावर इरलं घेऊन. बाई भिजायच्या, तू कोरडा. पुढं पंधरा ऑगस्टला भाषण केलंस तेव्हा बोटं मांडीवर ठोकत होतास. मी बघितलं होतं.

आता माईक हातातून सोडत नाहीस.
आणि ते खोड विकलंस.

पुतळा काय करणार आहे रे? अडकलेल्या पोरानं ठोकायचं कशावर, बाईंच्या संगमरवरी कपाळावर?

आजपण पहिलीची पोरं तिथंच बसतात. बाई रिटायर झाल्या तरी शेवटपर्यंत रोज सकाळी येऊन त्यांच्यात बसायच्या. रविवारनंतर पोरं कुठं बसणार, हे तुमच्या मीटिंगमध्ये कोणी विचारलं का? फ्लेक्स मात्र छापून तयार. बाईंचा फोटो लहान, कमिटीचे मोठे.

काल शेवटी तू म्हणालास, "मी तरी काय करू? विसार घेतलाय, शब्द दिलाय. परत करायला पैसे नाहीत."

शब्द दिलाय म्हणे. शब्द तुला दिला कोणी?

बाई, तुम्ही गेलात तेव्हा सुट्टी मिळाली नाही. आज पण नाही. इथूनच पाया पडतो. तुमच्या नावानं दगड नको, तुमचं झाड राहू दे, एवढंच मागतो.

परशा, नवीन मोबाईलसाठी ठेवलेले पैसे पाठवलेत. फुटलेल्या स्क्रीनवर पण वाचता येतं मला. माझं नाव कुठं कोरू नकोस. आज संध्याकाळच्या आत ते लाकूडवाल्याच्या हातात ठेव, आणि सगळ्या गावासमोर ठेव. त्यानं दिला होता तेवढा पूर्ण विसार आहे.

अकरा हजार रुपये.