जांभईचा हात

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, पक्के आळशी. वाचनालयात शिपाई होते. कुणी पुस्तक विचारलं की हनुवटीनेच कपाट दाखवायचे. हात उचलायचे कष्ट नकोत. घरी पंखा लावायचा तरी स्वयंपाकघरातल्या ताईला हाक. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की हे आपले हसत पडून राहायचे.

मग अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. ताईचं धाबं दणाणलं. ती त्यांना भरवू लागली, दाढीसुद्धा करून देऊ लागली. एका दुपारी दाजींनी झकास जांभई दिली आणि काय सांगू, तो लुळा हात आपसूक छातीपर्यंत वर आला! जांभई संपली, हात खाली.

ताईचा पारा चढला. "जांभईला हात उठतो आणि घास घ्यायला उठत नाही होय? नाटकं नुसती!"

"अगं, मी नाही उचलला. शप्पथ."

आता दाजींच्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नाही. भरवणं त्या दिवसापासून बंद. ताई ताट आदळायची, "द्या जांभई आणि जेवा." दाजी डाव्या हाताने सांडत जेवायचे. हसणं बंद झालं होतं त्यांचं. नजर चुकवायचे.

हाताची तपासणी करायला फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो, तेव्हा ताई चोर पकडून दिल्याच्या थाटात निघाली होती. बाईंनी दाजींचा हात टेबलावर ठेवला. "काका, हात वर उचला. खांदा उडवायचा नाही." काही नाही. "हा लाकडी ठोकळा धरा." बोटं ढिम्म. बाई प्रत्येक वेळी शून्य लिहीत होत्या.

"बाई, फसू नका," ताई म्हणाली आणि तिने भली मोठी खोटी जांभई दिली. ती मला लागली, माझी बाईंना आणि शेवटी दाजींना. हात उठला.

"बघा!" ताई ओरडली.

"असं होतं काही पेशंटचं," बाई म्हणाल्या. "जांभईत हात आपोआप उठतो. तो काका उचलत नाहीत. त्यांच्या हातात नाही ते. तुम्ही जरा समोर बसा आणि त्यांच्याकडे बघा. काका, पुन्हा एकदा ठोकळा."

दाजींनी दात आवळले. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, कान लाल झाले. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी कपाळावरून घाम निथळू लागला. ठोकळा जागचा हलला नाही. बाईंनी शून्य लिहिलं.

"मी खरंच करतोय गं," दाजी म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

ताईने तळव्याने त्यांचं कपाळ पुसलं.

"बाई, ते शून्य खोडा," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून या माणसाने एवढं काम कधी केलेलं नाही."